अर्धा कोयता आणि परराष्ट्र खातं

२ जून, सोमवार. सकाळी, पहिल्या चहाआधी.

नवी वही. आधी सगळ्यांची विचारपूस करून घेतो, म्हणजे तात्याला कुणाची पडलेली नाही असं पुढं कुणी म्हणायला नको.

विमल, गुडघे कसे आहेत? (आत जाऊन विचारलं. म्हणाली, तुमच्या चहाच्या खेपांनी झिजलेत.) मोहन, शुगर काय म्हणते? (हा धाकटा भाऊ, भिंतीपलीकडं राहतो. म्हणाला, जिलबीचं तुला कुणी सांगितलं?) म्हैस ठणठणीत. घरात पथ्य पाळणारी तेवढीच. मला बीपी आहे, पण ते डॉक्टरच्या मशीनवरच दिसतं, घरी आलं की नसतं. आणि आमची सायली, दिल्लीला. काल फोनवर म्हणाली, बरी आहे तात्या. इतक्या पटकन म्हणाली म्हणजे पोरगी वेळेवर जेवत नाही.

आता मुख्य बातमी. सायली ही मोहनची लेक, परराष्ट्र सेवेत ऑफिसर. आई गेली तेव्हा सहावीत होती. विमलनं वाढवली, मी घडवली. मोहननं बाकीचं बघितलं. आजवर ती परदेशात राजदूताच्या हाताखाली होती. ते काम आपल्या डोक्यावरून जायचं. पण आता तिला दिल्लीत प्रशासनाच्या खुर्चीवर बसवलंय. कोणता कर्मचारी कोणत्या देशातल्या वकिलातीत जाणार, किती दिवस राहणार, पुढं कुठं जाणार, हे सगळं तिच्या टेबलावरून जातं.

म्हणजे पोरगी माझ्या लाइनला आली!

मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात हयात घालवली. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. कुठली टोळी कुठल्या गटात, कुठल्या फडावर, हे ठरवणारा मी. शिक्षण सातवीपर्यंत, पण माणसं हलवायची विद्या शाळेत शिकवत नाहीत. वकिलात काय आणि उसाचा फड काय, घरापासून लांब गेलेल्या माणसाची दुखणी तीच.

संकल्प: रोज लिहायचं. आणि सायलीला तिनं मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. मोठी ऑफिसर आहे, तिला तिचं कळतं.

३ जून, मंगळवार.

सायलीला चार सल्ले दिले. तोंडानं मागायची सवय तिला लहानपणापासूनच नाही.

९ जून, सोमवार.

रोज लिहायचं जमलं नाही. रोज काही घडत नाही, त्याला माझा काय इलाज?

आज सायलीला फोनवर मूळ तत्त्व समजावलं. आपल्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा ऊस तोडणार, बायको मोळी बांधणार. एकटा आला तर तो अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याचं काम होत नाही, जेवण होत नाही, झोप होत नाही आणि चार दिवसांत तो गावाकडं पळतो. म्हणून माझा नियम एकच होता, जोडी फोडायची नाही. तोच नियम तू वकिलातीला लाव म्हणालो.

ती म्हणाली, तात्या, इथं कोयते नसतात.

मी म्हणालो, माणसं तर असतात ना?

यावर तिनं विमलला फोन द्यायला सांगितलं. पटलं.

फोन ठेवता ठेवता म्हणाली की यंदा भादव्यात महालक्ष्म्यांना नक्की येणार. चार वर्षं तिच्याविना महालक्ष्म्या बसल्या. विमलनं लगेच माळ्यावरून मुखवटे काढले आणि चिंचेनं घासायला घेतले. मी म्हणालो, अगं अजून आषाढ लागायचाय. म्हणाली, तुम्ही तुमचा देश सांभाळा.

१५ जून, रविवार.

लोकांना सायलीच्या कामाचा उपयोग व्हायला पाहिजे. पुढच्या खोलीत केंद्र काढलं. हनुमान पेंटर माझ्या वर्गातला. त्याच्याकडून पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला: परराष्ट्र सेवा मार्गदर्शन केंद्र, दिंद्रुड. रंगवता रंगवता म्हणाला, बे उत्तऱ्या (शाळेतलं माझं नाव), तू माजलगावच्या पुढं कधी गेलतास?

मी म्हणालो, मी गेलो नाही, मी पाठवले. फरक आहे.

त्यानं ब्रश खाली ठेवला आणि पाच मिनिटं हसला. अशानंच त्याच्या बोर्डावरची अक्षरं वाकडी येतात.

१८ जून, बुधवार.

केंद्राला चांगला प्रतिसाद. कोपऱ्यावरचा भारत येऊन विचारून गेला की वकिलातीत जेसीबी चालवायला माणूस लागतो का. चौकशी करतो म्हणालो. दुसऱ्या एकाला पासपोर्टचा फोटो काढायचा होता. तिसरा पंखा चालू दिसला म्हणून आला आणि झोपला.

विमलनं केंद्रात लसूण वाळत घातलाय. म्हणते, खोलीत वारा चांगला येतो आणि माणसं येत नाहीत.

२३ जून, सोमवार. दुपारी.

अखेर खरी केस आली.

तलवाड्याची कडूबाई. जन्म मेंढरांमागं गेला बाईचा. हंगामात तोडलेल्या फडावर वाढं (उसाचे हिरवे शेंडे) चारायला कळप घेऊन यायची, तेव्हापासूनची ओळख. तिचा सोमनाथ परीक्षा देऊन परराष्ट्र खात्यातच असिस्टंट लागलाय, दिल्लीला. गेल्या उन्हाळ्यात लग्न झालं. सून योगिता अंबाजोगाईला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

कडूबाई म्हणाली, सोमनाथला भाईरच्या देशात टाकलंय तात्या. लई वाळवंट हाय म्हनं. बायकू न्यायची न्हाई, एकट्यानंच ऱ्हायचं, दोन वरसं.

माझ्या अंगावर काटा आला. अर्धा कोयता! सरकारच जोड्या फोडायला लागलं तर दाद कुणाकडं मागायची?

बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. (विमल म्हणते, तो चटणीचा डबा उघडला की कुणाच्याही डोळ्यांत येतं.) बिचारी रिकाम्या हातानं आली नव्हती. लसूण घातलेली जवसाची चटणी घेऊन आली होती. डबा माझ्यापुढं उघडून काहीतरी विचारायला लागली, पण मन भरून आलं की माणूस अडखळतो. मीच बोलणं हातात घेतलं. म्हणालो, कडूबाई, एक अक्षर बोलू नको, मला सगळं समजलं. ती म्हणाली, न्हाई वो तात्या, मी काय म्हनते. मी म्हणालो, तू काही म्हणायचं नाही. आता मी म्हणणार.

डबा ठेवून घेतला. नाही म्हटलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं. जाताना वळून वळून डब्याकडं बघत होती. किती माया!

२४ जून, मंगळवार.

भाकरीबरोबर चटणी. अप्रतिम.

सायलीला फोन केला. सोमनाथ म्हटलं मात्र, तिचा आवाज कोर्टासारखा झाला. म्हणाली, तात्या, त्याच्या बदलीबद्दल माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. फोनवर तर अजिबातच नाही.

किती हुशार! म्हणजे तोंडी नको, लेखी पाहिजे. तेही वरून आलं पाहिजे. सरळ कसं सांगणार बिचारी, शेजारी माणसं बसलेली असणार.

फोन ठेवताना एवढंच म्हणाली, सोमनाथला विचारलंय का तुम्ही? तिला अजून अनुभव कमी आहे. टोळी हलवताना मी मजुराला कधी विचारलं नाही, विचारायचं ते मुकादमाला. सोमनाथचा मुकादम म्हणजे त्याची आई. आई तर येऊन गेली.

३० जून, सोमवार. संध्याकाळी.

अमरसिंहदादांच्या बंगल्यावर गेलो. आमच्या भागाचे पुढारी, माणूस दिलदार. अंगणात बदल्यांची गर्दी नुसती: तलाठी, ग्रामसेवक, गुरुजी. सगळ्यांच्या हातात अर्ज. त्यांच्यात मी एकटा परराष्ट्राचा. कॉलर आपोआप ताठ झाली.

दादांचा पीए धर्मराज. त्याच्याकडं शिफारशीचा तयार मजकूर असतो, तो फक्त नावं भरतो. त्यानं विचारलं, सध्याचं ठिकाण? मी म्हणालो, वाळवंट. त्यानं लिहिलं, गैरसोयीचे. मग विचारलं, मागणीचं ठिकाण? मी काही ठरवून गेलो नव्हतो, पण ऐन वेळी अडायचं नाही हा माझा स्वभाव. म्हणालो, लंडन. तो म्हणाला, तालुका? मी म्हणालो, अरे लंडन! तो म्हणाला, तात्या, तालुका-जिल्हा टाकल्याशिवाय दादा सही करत न्हाईत. शेवटी लिहिलं: लंडन, ता. लंडन, जि. इंग्लंड. कारण: पती-पत्नी एकत्रीकरण. हे कलम गुरुजींच्या बदल्यांना हमखास चालतं.

दादा फोनवर होते. सही करता करता मला म्हणाले, झेडपीचा का? मी म्हणालो, परराष्ट्राचा. म्हणाले, बरं बरं, तिथं सीईओ कोण हाय सध्या? मी म्हणालो, बघतो. दादा म्हणाले, न्हाई ऐकला तर सांगा.

एस.टी.त बसल्यावर पत्र पुन्हा वाचलं. कोरडं वाटलं. माणुसकीचा ओलावा पाहिजे म्हणून खाली माझ्या अक्षरात एक ओळ वाढवली: आपल्या कार्यालयातील सायली मॅडम या माझ्या सख्ख्या पुतणी असून त्यांना या प्रकरणाची सर्व कल्पना आहे.

ही ओळ म्हणजे पत्राचा आत्मा. माजलगावलाच उतरून स्पीड पोस्टानं पाठवलं.

८ जुलै, मंगळवार.

उत्तर नाही. दिल्ली लांब आहे.

१४ जुलै, सोमवार.

सायलीचा फोन नाही. दर रविवारी करते. कामात असणार. माझ्याच पत्राचं काम असणार.

चटणी संपली. डबा घासून ठेवलाय.

२० जुलै, रविवार.

महालक्ष्म्यांना सायली येणार तेव्हा गावातर्फे सत्कार करायचा ठरवलं. ठरवलं म्हणजे मी आणि हनुमाननं. मंडप, फेटे, अमरसिंहदादा अध्यक्ष. बॅनर आजच तयार झाला. सायलीचा फोटो दहावीच्या हॉलतिकिटाचा मिळाला, तो जरा घाबरलेला दिसतो. माझा मात्र झकास आलाय. हनुमान म्हणाला, सत्कार नेमका कुणाचा हाय बे? म्हणालो, ज्यानं झाड लावलं त्याचाही थोडा असतो.

विमल म्हणाली, तिला असलं आवडत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. दोन दिवस येईल, पुरणपोळी खाईल, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपेल. तेवढं तरी सुखानं होऊ द्या.

विमलला सार्वजनिक जीवन कळत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार.

सोमनाथचाच फोन आला! अगदी हळू आवाजात म्हणाला, तात्या, माझ्याबद्दल तुम्ही कुठं काही लिहिलं होतं का?

मी म्हणालो, आभार नंतर मान, आधी सामान बांध. लंडनला थंडी असते.

तो दोनदा नुसतं लंडन, लंडन म्हणाला. उपकाराच्या ओझ्यानं माणसाचे शब्द संपतात. मग नमस्कार म्हणाला आणि ठेवला. संस्कार चांगले आहेत पोरावर.

३ ऑगस्ट, रविवार.

सायलीचा फोन मोहनला आला. मला नाही. चुकून लागला असेल. भिंतीला कान लावला, पण मोहन एकच शब्द बोलत होता, हं. मग विचारलं तर म्हणाला, काही नाही दादा, तू जेव.

१० ऑगस्ट, रविवार. दुपारी.

कडूबाई येऊन गेली. हातात मेंढरं हाकायची काठी होती. बसली नाही. पाणी घेतलं नाही. जे म्हणाली ते जसंच्या तसं उतरवतो, कारण आज मला दुसरं काही सुचत नाही.

म्हणाली, तात्या, माझ्या लेकाला रोका असं मी कवा म्हनले वो तुमाला?

मी म्हणालो, अगं, तू रडत होतीस.

ती म्हणाली, चटणीनं! ती जागा त्यानं सोताच मागितली व्हती. अवघड देशात दोन वरसं काढली की पुढचा देश पसंतीचा भेटतो, असा तिथला नेम हाय. तंवर हिकडं योगिताचं नर्सिंग होतंय, दवाखान्यातला अनुभव होतोय. मंग दोघं मिळून चांगल्या जागी जानार व्हते. पोरांनी बसून सगळं ठरवलं व्हतं. अन् आता त्याला कागद आलाय, पुढाऱ्याची शिफारस कशापायी आणली म्हनून. जानं थांबलंय त्याचं. पोरगं जेवंना झालंय.

मी विचारलं, मग त्या दिवशी तू आली होतीस कशाला?

म्हणाली, चटणी इचारायला! इमानात ही चटणी नेऊ देत्यात का न्हाई, एवढंच. तुमची पुतणी त्या खात्यात हाय म्हनून आले. तुमी मला बोलू दिलं न्हाई, अन् वरून डबा ठिवून घेतला!

विमल आतून घासलेला डबा घेऊन आली. कडूबाईनं तो उघडून बघितला. मग माझ्याकडं बघितलं. काठी मारली असती तर बरं झालं असतं.

चटणी चांगली होती, एवढं मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

त्याच दिवशी, चार वाजता.

मोहन आला. आता तोही बोलला. माझ्या त्या शेवटच्या ओळीमुळं सायलीला तिच्या साहेबांनी बोलावून विचारलं की तुम्हाला या प्रकरणाची सर्व कल्पना आहे, ती काय आहे? सोमनाथची फाइल तिच्याच टेबलावर आणि शिफारस तिच्याच घरातून.

मी म्हणालो, मला वाटलं, तिला बरं वाटेल. मोहन म्हणाला, दादा, तू लहानपणी माझं भांडण मिटवायला गेलास की मला दोन दिवस शाळा चुकवावी लागायची.

हे त्यानं पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

११ ऑगस्ट, सोमवार.

शांतपणे विचार केला. चूक धर्मराजची आहे. तयार मजकूर वापरायला नको होता. थोडी अमरसिंहदादांची, न वाचता सही केली. थोडी टपाल खात्याची, एरवी पत्रं हरवतात आणि हेच नेमकं पोचलं. सोमनाथनंही आईला नीट सांगायला हवं होतं.

हे सगळं विमलला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, आणि चटणी कुणी खाल्ली?

१३ ऑगस्ट, बुधवार.

दिल्लीला दुसरं पत्र लिहिलं. आयुष्यात माणसांना मेमो पुष्कळ दिले, स्वतःला कधी दिला नव्हता. पाच वेळा फाडलं. शेवटी असं जमलं: सोमनाथला यातलं काही माहीत नव्हतं. सायलीला नव्हतं. सोमनाथच्या आईला नव्हतं. अमरसिंहदादांनी पत्र वाचलेलं नव्हतं. मला मात्र सगळं माहीत आहे असं वाटत होतं. तरी जी शिक्षा असेल ती मला, दिंद्रुडच्या पत्त्यावर द्यावी.

या वेळी खाली ओळ वाढवली नाही. हात शिवशिवत होता.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.

झेंडावंदनाला गेलो. पोरं नमस्कार करत होती. कुणी लंडनचा तालुका विचारला नाही, म्हणजे हनुमाननं (त्याला मीच सगळं सांगितलंय) अजून फोडलेलं नाही. पण वडापाव देताना तो म्हणाला, घे बे, परराष्ट्रमंत्री. म्हणजे आज ना उद्या फुटणार.

घरी येऊन बोर्ड उतरवला. सत्काराचा बॅनर विमलनं म्हशीच्या गोठ्यावर टाकलाय. छत गळत होतं. माझा चेहरा आत आला आहे, म्हशीकडं.

१७ ऑगस्ट, रविवार.

बोर्ड कडूबाईच्या घरी नेऊन दिला. कोकरं बाहेर पडतात म्हणत होती, तिथं आडवा लावायला पत्रा कामाला येईल. तिनं घेतला. बस म्हणाली नाही, पण जा असंही म्हणाली नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार. सकाळी.

विजय! विजय!

सोमनाथची ऑर्डर निघाली! तेच वाळवंट, तोच देश, एकटाच. पुढच्या महिन्यात निघणार. पोराचा फोन आला तेव्हा तो हसत होता. योगिताही (सुट्टीला दिल्लीतच आहे) मागून काहीतरी म्हणाली, बहुतेक चांगलंच.

म्हणजे माझं दुसरं पत्र लागू पडलं. आजच्या जमान्यात खरं लिहिणारा माणूस दिल्लीला बघायला मिळत नाही, त्याचा परिणाम झाला. मी तर म्हणतो, पहिलं पत्र गेलं नसतं तर दुसरं गेलंच नसतं. करायला गेलो गणपती, झाला मारुती, आणि शेवटी मारुतीच पावला!

बोर्ड परत आणावा का?

विमलला विचारलं. तिनं नुसतं बघितलं. नको आणायला.

सायली शनिवारी येणार. तिला हे सगळं मीच सांगणार, अगदी थोडक्यात. सल्ला एकच देणार.

३१ ऑगस्ट, रविवार. महालक्ष्म्या आल्या.

सायली आली नाही.

काल येणार होती. विमलनं अंथरूण घालून ठेवलं होतं. आज महालक्ष्म्यांची पावलं काढता काढता फोन वाजला. विमलचे हात रांगोळीचे, म्हणून मोहननं स्पीकर लावला. मला वाटतं, मी दाराआड उभा आहे हे सायलीला ठाऊक नव्हतं.

म्हणाली, मोठी आई, रागावू नको. माझी बदली झाली. परवा निघायचंय.

विमल म्हणाली, कुणी केली गं?

ती म्हणाली, मीच. तात्यांचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी साहेबांना लिहून दिलं की मला या खुर्चीवरून हलवा. मी तिथं बसले असते तर सोमनाथचं काहीही केलं तरी लोकांना संशय आला असता. चांगलं केलं असतं तर घरचा म्हणून केलं, वाईट केलं असतं तर वचपा काढला. मी उठले, दुसऱ्या माणसानं फाइल बघितली, त्यात सगळं स्वच्छ होतं. त्याचं काम झालं. मी रिकामी होते आणि एका लांबच्या ठिकाणी माणूस हवा होता, मी जाते म्हणाले.

मग देशाचं नाव सांगितलं. मोहननं भिंतीवरच्या नकाशात शोधलं. बोट ठेवलं की अख्खा देश झाकला जातो.

विमल म्हणाली, एकटीच जाणार?

ती म्हणाली, अर्धा कोयता. आणि हसली. विमलनं रांगोळीचे हात पदराला पुसले.

मला राहवलं नाही. दाराआडूनच विचारलं, आणि माझं दुसरं पत्र गं?

सायली दचकली. मग म्हणाली, तात्या, ते टपालात पडलंय. मराठीत आहे, भाषांतराला गेलंय. अजून कुणी वाचलेलं नाही.

रागावली नाही. हेच मला सोसत नाही. लहानपणी तिची पाटी मी फोडली होती, तेव्हाही अशीच म्हणाली होती, राहू द्या तात्या, नवी आणू.

विमलनं आत जाऊन मुखवट्यांवरचा पदर सारखा केला. मी पाठीमागं उभा होतो. वळून म्हणाली, तुम्ही जेवून घ्या. हे असं ती चाळीस वर्षांत फक्त कुणी गेल्यावर म्हणालीय.

हिशेब मांडला तर परराष्ट्र खात्यात मी एकच बदली करून दाखवली. आमच्या सायलीची.

२ सप्टेंबर, मंगळवार. महालक्ष्म्या निरोप घेऊन गेल्या.

आज वहीत दुसरं काही लिहायचं नाही. सायलीला पत्र लिहायचंय, ते आधी इथं कच्चं करतो. पक्कं करायला मोहन बसणार आहे. शेवटच्या ओळीवर लक्ष ठेवायला विमल.

चिरंजीव सायलीस, अनेक आशीर्वाद.

इकडं सगळे ठीक. विमलचे गुडघे आहेत तसेच, पण तुझा फोन आल्यापासून चहा मीच करतो, त्यामुळं खेपा वाचल्या. चहा कुणी पीत नाही. मोहनची शुगर उतरली, कारण तुझ्या वाटणीच्या पुरणपोळीला शेवटपर्यंत कुणी शिवलं नाही. म्हैस उत्तम आहे, दिवसभर माझ्या फोटोकडं बघते आणि तरी दूध देते. मला बीपी आहे, आता घरीसुद्धा. तुझी तब्येत? नुसतं बरी आहे म्हणू नको. काय खाल्लंस ते लिही.

कामाबद्दल सल्ला एकही नाही. एक होता, तो विमलनं खोडला.

सोमनाथ पंधरा दिवसांनी निघतो. मी त्याला काही विचारलेलं नाही आणि काही सांगितलेलंही नाही, नुसता नमस्कार घेतला. काल कडूबाई आली. या वेळी बसली, पाणी प्यायली. दोन डबे घेऊन आली होती, एक त्याच्यासाठी आणि एक तुझ्यासाठी. लसूण-जवस. तुझा डबा माझ्या हातात देण्याआधी तिनं तो विमलकडून फडक्यात बांधून घेतला आणि गाठ स्वतः मारली.

तर तुझ्या त्या देशात चटणी पाठवता येते का आणि कशी, तेवढं कळव. मी कुणालाही विचारलेलं नाही आणि कुणाचं पत्रही आणणार नाही. पण लवकर लिही, पोरी. गाठ अजून सुटलेली नाही, डबा फडताळात आहे, आणि घरात मी आहे.

तुझा,
तात्या